दुपट्ट्याखालची बोटं

चूक प्रस्तुत लेखकाची होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. अमरावतीच्या फळबाजारात ते सगळ्यांना माहीत आहेच, आणि जे विसरले असतील त्यांना भगवंतराव दलाल आठवण करून देतो.

त्या वेळी प्रस्तुत लेखक महादेवराव अडत्याच्या दुकानात पट्ट्या लिहायचा. कोणाची संत्री किती शेकडे, कोणत्या भावाने, कोणी घेतली, हे चिटोऱ्यावर उतरवायचं काम. मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी अंगात ताजं होतं आणि ते खपवायला गिऱ्हाईक मिळत नव्हतं. अशात एका सकाळी नत्थुजी खासबागे शेजारी येऊन बसला. खिशातला घडीचा कागद त्याने बोटांनी नाही, दोन तळव्यांत धरून बाहेर काढला आणि हळूच म्हणाला, "बाबू, हे काय लिवलं हाये, पाहा बरं जरा."

'हळूच' हे त्यातलं मुख्य. तेच प्रस्तुत लेखकाच्या ध्यानात आलं नाही. इंग्रजी दिसल्याबरोबर तो उठून उभा राहिला. शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर वाचायचा त्या आवाजात त्याने अकोल्याच्या डॉक्टरचा तो कागद आधी इंग्रजीत आणि मग, कोणी मागितलं नसताना, मराठीत वाचला. दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजलेले. रोगाचं नाव रुमेटॉइड आर्थ्रायटिस. रोग बराच काळ चालणारा, बहुधा जन्माचा. बोटं आवळू नयेत, आणि दुसऱ्याला दाबू देऊ नयेत.

वाचन संपलं. संत्र्यांच्या ढिगावर वाकलेली माणसं वाकलेलीच राहिली होती. भगवंतरावाच्या गालातला विडा गालातच थांबला होता.

नत्थुजीने कागद परत घेतला. "वाचता चांगलं तुमी," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

अमरावतीत काय डॉक्टर नव्हते? चांगले होते. पण इथल्या दवाखान्याच्या बाकावर बसलं की संध्याकाळपर्यंत बाजाराला कळणार, म्हणून हा माणूस बडनेऱ्याहून रेल्वेत बसून पन्नास मैल दूर अकोल्याला गेला होता. बायकोलाही "मूर्तिजापूरले बाग पाहाले जातो" असं सांगून. एवढ्या लांबून लपवून आणलेली गोष्ट एका पट्टीलेखकाने अडीच मिनिटांत वाटून टाकली.

ज्यांनी हा बाजार पाहिला नाही, त्यांना यात एवढं लपवण्यासारखं काय, असं वाटेल. नत्थुजी दलाल होता, आणि दलालाचं सगळं भांडवल त्याच्या उजव्या पंजात असतं. गाडी आली की संत्री गवतावर ओततात. ढिगाभोवती व्यापारी उभे राहतात, मधे दलाल. त्याच्या खांद्यावरचा दुपट्टा हातावर येतो आणि एकेक व्यापारी त्या दुपट्ट्याखाली हात घालून दलालाची बोटं दाबतो. शेकड्याचे रुपये तोंडाने बोलायला हरकत नाही, ते सगळ्यांना ठाऊकच असतात. लढाई वरच्या आण्यांची. एक बोट दाबलं की एक आणा, चार दाबली की चार, सगळा पंजा आवळला की पाच, आणि पुढे जायचं तर पंजा सोडून पुन्हा एकापासून. दलालाला कमी वाटलं तर तो उलट समोरच्याची बोटं दाबतो. तोंडाने मात्र दोघेही थंडीपाण्याच्या गोष्टी करत असतात. शेजारच्या व्यापाऱ्याला काही कळत नाही. ज्याचा माल असतो त्याला तर सगळ्यांत शेवटी कळतं.

या कामाला दोन गोष्टी लागतात. बोटं बोलकी आणि तोंड मुकं. नत्थुजीचं तोंड असं होतं की त्याला आनंद झाला की पोटात कळ आली, हे ओळखायला माणूस जवळचा लागायचा, आणि जवळच्यालाही भरवसा नसायचा. "लग्नात अंतरपाट खाली आला न बाप्पा," त्याची बायको जमुना सांगायची, "तव्हा मले वाटलं, या माणसाले नवरी पसंत नाई. तीन वर्सांनं समजलं, का ते त्यायचं खुशीचं तोंड होय!"

त्या तोंडावर वीस वर्षं धंदा चालला होता. एका व्यापाऱ्याचा आकडा दुसऱ्याला त्याने कधी कळू दिला नाही. भाव तोंडाने उच्चारणं ही गोष्ट त्याला भर बाजारात धोतर सोडण्यासारखी वाटायची.

आणि दसऱ्यापासून बोटांनी दगा द्यायला सुरुवात केली.

दुखणं मोठं हिशेबी होतं. दुपारी बारानंतर पाहावं तर हात बरा, वाटलं तर माणूस ढोंगी म्हणावा. पण सकाळी उठला की दोन्ही हातांची बोटं जणू कोणी रात्रीतून खळ लावून वाळत घातलेली. बाजार भरायचा सूर्य उगवायला आणि बोटं सुटायची दहाला. व्यापाऱ्याने चार बोटं एकदम दाबली की मुठीच्या उंचवट्यांतून अशी कळ निघायची की वीस वर्षांचं मुकं तोंड वाकडं व्हायचं.

आता हे वाकडं तोंड बाजाराला समजावायचं कसं? नत्थुजीने युक्ती काढली. फेट्याखालून गालफडाला फडकं बांधलं आणि "दाढ दुखून राहिली" म्हणून सांगितलं. युक्ती इतकी साधली की गळ्याशी आली. कोणी लवंग दिली, कोणी हिंग दिला. बाजारातला न्हावी तर रोज सकाळी समोर येऊन उभा राहायचा. "नत्थुजी, आ करा, एका झटक्यात काढतो." तीन आठवडे नत्थुजीने एक निरोगी दाढ त्याच्यापासून वाचवली.

घरी जमुना मात्र फसली नव्हती. तिने ओळखलं ते कांद्यावरून. जेवायला बसलं की कांदा पाटावर ठेवून एका बुक्कीत फोडणारा माणूस एक दिवस म्हणाला, "चिरून दे वं." तिने चिरून दिला. दुसऱ्या दिवशीही चिरून दिला. तिसऱ्या दिवशी पाटावर अख्खा कांदा ठेवला आणि समोर बसली.

"फोडा."

"भूक नाई."

"भूक नाई, का बुक्की नाई?"

त्याच्यानंतरच तो 'बाग पाहायला' अकोल्याला गेला. डॉक्टर भला होता. दोन्ही पंजे उजेडात धरून पाहिले, मुठीच्या सांध्यांवर आडवा दाब दिला आणि नत्थुजी ओरडल्यावर माफी मागितली. हा म्हातारपणाचा वात नाही, नत्थुजी आता चव्वेचाळीसचा, हा वेगळा. चढेल, उतरेल, पुन्हा चढेल. हाताला विसावा द्या. एक पूड लिहून दिली. ती पुरेशी पोटात गेली की कानात भुंगा वाजू लागेल, वाजला की थोडी कमी करायची. आणि मुंबईकडे म्हणे या रोगावर सोन्याची इंजेक्शनं देतात, ऐपत असली तर बघा.

हे शेवटचं कळल्यावर जमुनेने हातातली कालथी खाली ठेवली. "काय म्हणता? माह्या गळ्यात गुंजभर घालाले यायले पंचवीस वर्सं जमलं नाई, अन् आता यायच्या कुल्ल्यात सोनं टोचतेत?"

"तो फकत म्हणला."

"अन् टोचलं का मंग निंघत नाई ना ते? मोडता बी येत नाई?"

नत्थुजी हसला. म्हणजे त्याच्या डाव्या नाकपुडीला किंचित हालचाल झाली. जमुनेला ती दिसली आणि तिने भाकर टाकायला घेतली.

कागद बाजारात वाचला गेला त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून व्यापाऱ्यांना एक नवी विद्या अवगत झाली. दाढ नाही, हात दुखतो. म्हणजे दुपट्ट्याखाली कोणी जास्त बोटं दाबली की वर तोंड जास्त वाकडं होणार. मग दुपट्ट्याकडे कोण कशाला पाहतो? आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळी संत्र्यांचा, शेवटचा माल येत होता. गोवर्धनशेठ अकोलेवाला हात घालायचा आणि बाकीचे सहा जण नत्थुजीच्या भुवईकडे बघायचे. डावी भुवई हलली, दोन. डोळे मिटले, चार. तोंडातून "राम!" आलं, पंजा. आणि मग पुढचा व्यापारी बरोबर एक आणा वर दाबून मोकळा. चार दिवस हे चाललं, आणि बाजारात हे न कळलेला माणूस एकच होता, ज्याची भुवई होती तो.

त्याला सांगितलं महादेवरावाने. हा अडत्या माणूस जाडजूड आणि मनाने वाईट नाही, पण अडतीच्या पुढे मनाचं चालू द्यायचा नाही.

"नत्थू, तुह्या तोंडावर भाव दिसून राहिला लेका."

"माह्या?"

"चहाच्या पाटीवानी. रस्त्यानं जाणारा वाचते."

 महादेवरावाने टोपी काढून डोकं पुसलं, थंडीत.

"गोवर्धनशेठ मले म्हणते, तुमच्या दुपट्ट्याखाली हात घालण्यापेक्षा मी चावडीवर दवंडी पिटवतो. आता पाह्य. संक्रांत झाली का मृगाचा माल येते. पयल्या मोठ्या गाड्या तुह्याकडंच देतो. साधलं त साधलं. नाई त दुपट्टा भगवंताले, अन् तू मोजणीवर बस."

मोजणी म्हणजे दिवसभर दोन्ही हातांनी पाच-पाच संत्री उचलून पाटीत टाकायची. बोटं दुखणाऱ्या माणसाला याहून लागू काम शोधून सापडलं नसतं.

भगवंतराव त्याच संध्याकाळी घरी भेटायला आला. तो वयाने दहा वर्षांनी लहान, विडा रंगलेला, आणि सांत्वन करताना त्याच्या चेहऱ्यावर लग्नाला आल्यासारखं तेज होतं. "नत्थुभाऊ, तुमी बिलकूल काळजी करू नोका. तुमच्या जागेची मी काळजी घेतो."

"तेच त मले भेव हाये," जमुना आतून म्हणाली.

बाजाराने आपापली औषधं कळवली. बिब्बा, एरंडेल, मेथीचे लाडू. एकाने अचलपूरच्या एका मांत्रिकाचा पत्ता दिला, जो बोटाकडे न बघता बोट बरं करतो. न्हाव्याने, "दाढ काढली असती त हे वर चढलंच नसतं" असं मत दिलं आणि त्यावर तो आजही ठाम आहे. जमुना सगळ्यांचं ऐकून घेई आणि रोज पहाटे निरगुडीचा पाला टाकून पाणी उकळी. नत्थुजी त्यात मनगटांपर्यंत हात बुडवून बसायचा, दोन्ही हात घंगाळात, जसा कोणी पाण्यातच दुपट्टा पसरून बसलाय.

एका अशा सकाळी तो म्हणाला, "जमुना, मले दुसरं काही येत नाई वं."

त्याच्या आवाजात काही नव्हतं, तोंडावरही नव्हतं. पण पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईला ते पुरलं. तिने पाण्यात अजून एक तांब्या कढत ओतला.

"मले तरी कुठं येते? तुमाले जेवू घालता येते, तेच करून राहिली. चला, दुपट्टा काढा."

"काहून?"

"मी गोवर्धनशेठ."

आणि मग पौष महिनाभर खासबागेच्या घरात रोज सकाळी नसलेल्या संत्र्यांचा लिलाव झाला. जमुना पदर खोचून समोर बसायची, दुपट्ट्याखाली हात घालायची आणि "यंदा थंडी लई हाये" असं शेठच्या आवाजात म्हणत नवऱ्याची बोटं दाबायची. ओरडायचं नाही, भुवई हलवायची नाही. पहिल्या दिवशी तिने चार बोटं दाबली आणि नत्थुजी असा ओरडला की शेजारची कौशल्या धावत आली. दाराशी उभी राहून तिने पाहिलं, नवरा-बायको दुपट्ट्याखाली हातात हात घालून बसलेत, आणि "या वयात बाप्पा!" म्हणून परत गेली. ती गोष्ट चाळीस घरांत फिरली. पण महिन्याच्या शेवटी चार बोटांवर भुवई हलेनाशी झाली. पंजावर डोळ्यांत पाणी यायचं, पण थंडीत कोणाच्या डोळ्यांत येत नाही?

एक गोष्ट मात्र दोघांच्याही लक्षात आली नाही. जमुना भाव दाबायची, नत्थुजी सोसायचा. उलट त्याने तिची बोटं दाबून जास्त मागायचं, हे त्यांनी एकदाही करून पाहिलं नाही. कशाला पाहतील? बायकोकडे जास्त मागायची त्याला सवय नव्हती.

माघातल्या एका सोमवारी तिवशाकडून माणिकबाईच्या तीन गाड्या आल्या. माणिकबाई विधवा, पन्नाशीची. बाग ती स्वतः पाहायची, पाण्याच्या पाळीवरून तीन शेजाऱ्यांशी भांडायची आणि तिन्ही भांडणं जिंकायची. तिची संत्री उतरली तसा बाजार गोळा झाला. सालीला नखाएवढा डाग नाही. भगवंतराव सगळ्यांच्या मागे उभा होता, आणि प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्याच्या खांद्यावर कोरा करकरीत दुपट्टा होता.

दव इतकं की गवत पाय ओले करत होतं. नत्थुजीने निरगुडीच्या पाण्यात हात शेकले होते, पूडही घेतली होती, पूर्ण मात्रा, त्यामुळे कानात भुंगा वाजत होता.

"दोनाच्या वर बोला, शेठ."

गोवर्धनशेठने हात घातला. त्याच्या त्या एका हातात चार अंगठ्या होत्या. इतर सहा व्यापारी नत्थुजीच्या भुवईकडे टक लावून उभे. शेठने दोन बोटं दाबली. भुवई जागची हलली नाही. व्यापाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"थंडी लई हाये यंदा," शेठ म्हणाला.

"हाये जी."

शेठने चार दाबली, अंगठ्यांसकट. नत्थुजी समोरच्या लिंबाच्या झाडाकडे बघत राहिला, जसं काही त्या लिंबाला तो पहिल्यांदाच पाहतोय. वाचा नाही, भुवई नाही. मागे भगवंतरावाने खांद्यावरचा दुपट्टा उगाच सारखा केला.

माल पाचाचा होता. हे नत्थुजीला डोळे मिटून कळत होतं. आता उलट पंजा आवळायचा की झालं. त्याने शेठचा हात धरला आणि आपल्या बोटांना मिटायला सांगितलं. अंगठा आला. त्याच्या शेजारची दोन आली. उरलेली दोन सरळ उभी राहिली, हुकूम ऐकलाच नाही अशी. त्याने पुन्हा जोर केला. नाही.

शेठच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आला. मग तो, रीत विसरून, मोठ्याने बोलून गेला, "तीन? मी चार देऊन राहिलो, अन् तुमी तीन मागता?"

बाजार हसला. पोट धरून हसला. विकणाऱ्याचा दलाल भाव उतरवतोय, हे कोणी बापजन्मी पाहिलं नव्हतं. पण हसू विरायच्या आत शेठच्या डोक्यात उजेड पडला. दलालाचं बोट म्हणजे दलालाची जबान. ते एकदा दाबलं की फिरत नाही. "मंजूर!" शेठ म्हणाला. "तीन त तीन. मंजूर!"

माणिकबाईला एवढंच कळलं की सगळे हसतायत आणि तिच्या संत्र्यांचं काहीतरी झालंय. "काय झालं जी? काहून हसून राहिले हे? किती दाबलं त्यानं?"

रीतीप्रमाणे याचं उत्तर द्यायचं नसतं. रीतीप्रमाणे नत्थुजीने मान डोलवायची, माणिकबाईने तीन गाड्यांवर आपल्या नकळत नुकसान सोसायचं, आणि त्याचं तोंड, त्याची जबान, त्याची वीस वर्षं जशीच्या तशी राहायची. बोट चुकलं असं म्हणावं, तर ज्याचं बोट चुकतं तो दलाल कसला? मोजणीची पाटी चार हातांवर पडली होती. तीही त्याला दिसत होती.

नत्थुजीने दुपट्टा बाजूला केला.

त्याचा उघडा हात बाजाराने दोन महिन्यांत पाहिला नव्हता. मुठीचे उंचवटे सुजून लाल झालेले, दोन बोटं वाकड्या काडीसारखी ताठ.

"शेठ," तो म्हणाला, "माहे हात पाच म्हणून राहिले होते. त्यायले आता बोलता येत नाई. म्हणून मी तोंडानं सांगतो. दोन रुपये पाच आणे."

आणि इथे बाजाराला दुसरा धक्का बसला. वीस वर्षांत ढिगाशी त्याला पुटपुटण्याहून मोठ्याने बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. एवढ्या दगडी तोंडाच्या माणसाचा आवाज बासरीसारखा बारीक होता.

"पाच?" माणिकबाई म्हणाली. तिने ढिगाकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं, मग बाकीच्या सहांकडे वळली. "अन् तुमी काहून मुके उभे? सहा कोणी म्हणते का?"

 मग मागून एका बडनेऱ्याच्या व्यापाऱ्याने, ज्याचं आणि गोवर्धनशेठचं तीन वर्षं जमत नव्हतं, घसा खाकरला. "सहा."

"काय?" नत्थुजी म्हणाला. कानात भुंगा होता.

"सहा!"

"सात!" गोवर्धनशेठ ओरडला आणि मग आपण काय केलं ते कळून त्याने तोंडावर हात ठेवला. अंगठ्यांचा.

माल साडेआठ आण्यांवर गेला, आणि तो बडनेऱ्याच्या व्यापाऱ्याने घेतला. भगवंतराव पुढे आला. "मालक, हे रीतीत बसत नाई. बाजाराची रीत हाये काई!"

महादेवरावाचे ओठ हलत होते. तो साडेआठ आण्यांवरची अडत काढत होता. ती निघाल्यावर म्हणाला, "रीत काय भगवंता, आपणच केली. बसत नसन त जरा सरकवून बसव."

या जागी गोष्ट संपवली तर नत्थुजी मोठा माणूस ठरेल, आणि ते त्याला आवडणार नाही. खरं सांगायचं तर गोवर्धनशेठसकट चार व्यापारी रुसले आणि भगवंतरावाच्या दुपट्ट्याखाली गेले. अर्धे बागवानही तिकडेच गेले. भाव चारचौघांत ओरडला तर गावात भाऊबंदांना कळतो, हे त्यांना नको होतं. नत्थुजीकडे राहिल्या माणिकबाई आणि तिने गावोगाव सांगून पाठवलेल्या बायका, आणि लहान बागवाले. त्याची कमाई तिसऱ्या हिश्श्याने उतरली. पण पाटी हातावर आली नाही.

आवाजाचं मात्र कठीण होतं. तो बारीक आवाज तिसऱ्या माणसापर्यंत जाईना. पुन्हा जमुनाच गुरू. तीन गल्ल्यांपलीकडच्या म्हशीला घरात बसून हाक मारणारी बाई ती. तिने त्याला विहिरीवर नेलं. "मोटेच्या बैलाले हाकलता तसं म्हणा, दोन रुपये!"

"दोन रुपये."

"बैल झोपला."

महिन्याभरात बैल उठण्याइतका आवाज झाला. हात कधी चढतो, कधी उतरतो. मधे एकदा गुडघाही सामील झाला, तेव्हा नत्थुजी दोन आठवडे संत्र्याच्या पेटीवर बसून ओरडला. अकोल्याच्या डॉक्टरने दुसऱ्या खेपेला हात पाहिला आणि बोटं दाबणं थांबवलं हे छान केलं, असं म्हणाला. सोन्याचं मात्र जमुना सोबत असल्यामुळे त्याने नाव काढलं नाही.

पुढे एका शाळेचे मास्तर आले. उघड्या लिलावाने शेतकऱ्याचं कल्याण कसं झालं, यावर गणपतीत दोन शब्द बोला म्हणाले. नत्थुजीने बराच विचार केला. "मास्तर," तो म्हणाला, "माह्यी बोटं दुखत होती." मास्तर पुढच्या वाक्याची वाट पाहत थांबले. ते आलं नाही.

आंबिया बहार लागला आणि गोवर्धनशेठ परत आला. रुसवा पुरे झाला होता, की माणिकबाईचा माल डोळ्यांत भरला होता, ते त्याचं त्याला माहीत. ढिगाशी उभा राहिला, सगळ्यांसोबत ओरडला, आणि दोन रुपये सात आण्यांवर माल घेतला. मग त्याने हात पुढे केला. सौदा पक्का करायचा तर दलालाच्या हातावर टाळी द्यावी लागते. बाकीचे व्यापारी एव्हाना नत्थुजीच्या खांद्यावर थाप मारून भागवत होते.

"खांद्यावर?" शेठ म्हणाला. "मी का तुमची पाठ थोपटाले आलो? टाळी म्हणजे हातावर."

नत्थुजीने आपला हात पाहिला. थंडी नुकती सुरू झाली होती, उंचवटे वर आले होते. "मंग उधार ठेवा, शेठ. हात उतरला का देतो."

"मी जन्मात कोणाची उधारी ठेवली नाई."

"मंग आता ठेवा. सौदा पक्का हाये, टाळी तेवढी बाकी."

शेठ बडबडत माल भरायला गेला. पुढच्या चैत्रात एका दुपारी हात इतका साफ उतरला की नत्थुजीने जमुनेला अख्खा कांदा मागितला. पण त्या दिवशी शेठ अकोल्यात. शेठ येतो तेव्हा थंडी असते, किंवा सकाळ असते, किंवा दोन्ही. मागल्या आठवड्यात आला, माल घेतला आणि हात पुढे धरला. नत्थुजीने पंजा एकदा उलटा, एकदा सुलटा करून पाहिला.

"आज नाई जी."

"अन् कवा?"

"बुधवारी या. दुपारून."

बुधवारी दुपारी हात चांगला होता. नत्थुजी चार वाजेपर्यंत पेटीवर बसून राहिला. शेठचा त्या दिवशी खामगावला माल अडकला होता. टाळी अजून बाकी आहे.